‘बहीण आला’ ही चूक कुठून येते?



मेळघाटातील आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गांसाठी आपण नेमाने वह्या, पाट्या आणि देणग्या पाठवता. गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी काहींनी विचारले, की कोरकू मुलांना आधी नीट वाचता येऊ द्या, व्याकरणाचा खटाटोप इतक्यात कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याला आठवते ते शाळेतले व्याकरण म्हणजे कर्तरी, कर्मणी, भावे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या व्याख्या. तसले व्याकरण आम्ही शिकवत नाही. पण वाक्य कसे बांधले जाते हे शिकवल्यावाचून या मुलांचे चालत नाही. ते का, हे या लेखात सांगतो.

तिसरीतली एक मुलगी वर्गात सांगते, “माझी बहीण आला.” दुसरा मुलगा म्हणतो, “दोन वही दे.” शाळेत यावर हशा होतो आणि वहीवर लाल रेघ पडते. वर्षभर असे झाले की मूल बोलायचे बंद होते, आणि मग त्याला ‘मंद’ म्हणायला सगळे मोकळे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या पाड्यांवर अशी गप्प झालेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. पाचवीत शाळा सोडणाऱ्यांत तीच पुढे असतात.

आता त्या चुकीकडे कोरकूच्या बाजूने पाहू. कोरकू ही मराठीची बोली नाही. मराठी आणि हिंदी एका कुळातल्या. शेजारच्या गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या. कोरकू मात्र मुंडा कुळातली. तिच्या सख्ख्या बहिणी दूर झारखंडाकडे आहेत, मुंडारी आणि संथाळी. कोरकूत पुरुष आला काय नि बाई आली काय, क्रियापद तेच राहते. मराठीत आपण माणसांनाच नव्हे तर वस्तूंनाही लिंग देतो. कागद फाटला, वही फाटली, पुस्तक फाटले. वही बाई का आणि कागद बाप्या का, याला उत्तर नाही. कोरकू भाषा वेगळा भेद करते, सजीव आणि निर्जीव. सजीवांच्या नावांना संख्येचे प्रत्यय लागतात, निर्जीवांना सहसा लागत नाहीत. म्हणजे ‘दोन वही’ म्हणणारा मुलगा नियम मोडत नाही. तो नियम पाळतो आहे, फक्त आपल्या आईच्या भाषेचा.

सजीवांची संख्या मोजण्यात तर कोरकू मराठीच्या पुढे आहे. एकवचन, अनेकवचन आणि मध्ये खास दोघांसाठी द्विवचन, जसे संस्कृतात आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला अनेकवचनाचा ‘कू’ लागला की ‘कोरकू’, माणसे. ज्यांच्या जमातीच्या नावातच व्याकरणाचा एक धडा आहे, त्यांच्या मुलांना भाषा येत नाही असे आपण म्हणतो!

ज्या भाषेचे व्याकरण शाळेत कोणी शिकवले नाही, तिचे व्याकरण शोधतात कसे? पद्धत साधी आहे, चिकाटी मात्र लागते. बोलणाऱ्या माणसाजवळ बसायचे आणि वाक्यातली एकच गोष्ट बदलत विचारायचे. कुत्रा आला. दोन कुत्रे आले. कुत्रे आले. कुत्री आली. दगड पडला. दोन दगड पडले. प्रत्येक वेळी काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे लिहून ठेवायचे. शंभरेक वाक्ये झाली की नियम आपोआप वर येतो. तो सांगणाऱ्याला स्वतःला माहीत नसतो. तो फक्त बरोबर बोलतो. ‘असे का?’ हे विचारण्यात अर्थ नसतो. ‘असे म्हणाल का?’ एवढेच विचारायचे.

हे काम मिशनऱ्यांनी फार पूर्वी केले आहे, आणि आपल्या मंडळ्यांत त्याची आठवण कमी आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 साली आले, दादोबा पांडुरंगांचे 1836 साली. कोरकूचे व्याकरण जॉन ड्रेक या मिशनऱ्याने लिहिले आणि ते 1903 साली कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसने छापले. सरकारी भाषा-पाहणी करणाऱ्या जॉर्ज ग्रिअर्सनने तर देशभरातल्या भाषांचे नमुने गोळा करण्यासाठी उधळ्या पुत्राचा दाखलाच निवडला होता. त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे आहेत, नामाच्या बहुतेक विभक्ती आहेत आणि तिन्ही काळ आहेत, हे त्याचे कारण. म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या हजारो गावांच्या बोली त्या दाखल्यातून कागदावर उतरल्या.

हा दाखला कोरकूत सांगायचा म्हटले की काय होते पाहा. मुलगे दोन, म्हणून द्विवचन आले. ते सोपे. अवघड जागा शेवटी आहे. थोरला मुलगा बाहेर रुसून उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालतो आहे, की आनंद करणे योग्यच होते. योग्य होते, पण कोणी आनंद करणे? मूळ ग्रीक वाक्यात तिथे ‘आम्ही’ नाही आणि ‘आपण’ही नाही, कर्ता उघड सांगितलेलाच नाही. अनेक भाषांतरांत तो घालावा लागतो. मराठीत घातला तर निवड करावी लागते. ‘आम्ही’ म्हटले तर थोरला मुलगा बाहेरच राहिला. ‘आपण’ म्हटले तर तो घरात आला. कोरकूतही हा भेद आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आबुंग’, त्याला वगळून ‘आले’, आणि दोघांपुरते बोलायचे तर दोन्हींची आणखी वेगळी रूपे. धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी मी ग्रीक क्रियापदांचे तक्ते घोकले होते, तेव्हा ही गोष्ट कुणी दाखवून दिली नव्हती. माझे मत विचाराल तर बापाच्या तोंडी ऐकणाऱ्याला सामावून घेणारेच रूप शोभते. त्यासाठीच तर तो मेजवानी सोडून बाहेर आला होता.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. पण कोरकू मूल मराठी शाळेत येते तेव्हा हा भेद त्याला आधीच येत असतो. आपल्या वर्गातल्या शिक्षिका, ज्या स्वतः कोरकू आहेत, पहिला धडा इथूनच सुरू करतात. मुलाला येते त्यापासून. वाक्यातल्या शब्दांचा क्रमही दोन्ही भाषांत सारखा आहे, कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. त्यावर आम्ही दोन दिवसही घालवत नाही.

वेळ जातो तो लिंगावर. त्यासाठी रंगीत कागदाच्या पट्ट्या केल्या आहेत. वस्तूंची नावे तीन रंगांत आणि ‘फाटला, फाटली, फाटले’ त्याच तीन रंगांत. मूल पट्ट्या जुळवते, वाक्य मोठ्याने म्हणते, मग एकच पट्टी बदलते. भाषेचा अभ्यासक जे पाड्यावर बसून करतो तेच इथे मूल मराठीबाबत करते. पुल्लिंग, स्त्रीलिंग हे शब्द महिनाभराने येतात, कधी येतही नाहीत. शिक्षिका शेजारी कोरकू वाक्यही म्हणून दाखवतात, म्हणजे मुलाला कळते की दोन घरांच्या दोन रीती आहेत. ‘चूक’ हा शब्द वर्गात वापरायचा नाही, असे शिक्षिकांनीच ठरवले आहे.

आपल्या संविधानाच्या कलम 350 अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे म्हटले आहे, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाचाही सूर तोच आहे. पाड्यावरच्या शाळेपर्यंत ते पोहोचायला अजून अवकाश आहे. तोवर पट्ट्या.

आता ‘ने’ची अडचण समोर आहे. मुलाने आंबा खाल्ला, मुलाने भाकर खाल्ली, मुलाने आंबे खाल्ले. खाणारा तोच, पण क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते. कोरकूत असे काही नाही. मुले ‘मुलगा भाकर खाल्ला’ म्हणतात आणि त्यांच्या बाजूने ते अगदी सरळ आहे. या धड्याच्या पट्ट्या दोनदा करून पाहिल्या, मुलांचा गोंधळ उडाला. तिसरा प्रयत्न शिक्षिका पावसाळ्यानंतर करणार आहेत. त्यांना जाड रंगीत कागद लागेल, आणि मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेले कोणी आठवडाभर येऊन त्यांच्याबरोबर बसायला तयार असेल तर फार बरे होईल. राहण्याची व्यवस्था आहे.