शिंकेमागील ज्ञानतंतू

डिचोली तालुक्यातील पाळी गावाने खनिजवाहू ट्रकांची तांबडी धूळ पुष्कळ वर्षे सोसली आहे. खाणी २०१२ साली थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. शिंका मात्र खाणींची वाट पाहत थांबत नाहीत. गाद्या-उशांत राहणारे, डोळ्यांस न दिसणारे किडे आणि पावसाळ्यातील ओलीने धरणारी बुरशी ही अ‍ॅलर्जीची मोठी कारणे होत. तांबडी धूळ पडली खनिज. ती बहुधा अ‍ॅलर्जी निर्माण करीत नाही, नाक चाळवते. मग अ‍ॅलर्जीच्या रोग्यासच तिचा इतका जाच का व्हावा?

नाकाच्या अंतस्त्वचेत ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात. न सोसणारा कण त्यांना भिडला की त्या हिस्टामिन हे द्रव्य सोडतात. इतके पुष्कळांस ठाऊक असते. परंतु हिस्टामिन ज्ञानतंतूंची टोकेही डिवचते. तो निरोप मेंदूकडे जातो. शिंक येते आणि परतीच्या तंतूंतून अ‍ॅसिटिलकोलिन स्रवून नाकातील ग्रंथी पाझरू लागतात. एकाच नाकपुडीत हिस्टामिन घातले तरी दुसरीही वाहू लागते, हे प्रयोगांत दिसले आहे. दुसरीत तर औषधाचा थेंबही गेलेला नसतो!

ज्ञानतंतू रासायनिक द्रव्यांच्या द्वारे बोलतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर सिद्ध केले. तो प्रयोग आपणांस ईस्टरच्या आदल्या रात्री स्वप्नात सुचला, असे ते सांगत. पुढे १९३१ साली फॉन ऑयलर व गॅडम यांना ‘सबस्टन्स पी’ सापडले. डिवचलेले तंतू हे द्रव्य जागच्या जागी सोडतात. त्याने रक्तवाहिन्या सैल होऊन सूज येते आणि ते मास्ट पेशींसही हिस्टामिन सोडण्यास चिथवू शकते. पेशी तंतूस चेतवते, तंतू पेशीस. असे हुळहुळे झालेले नाक मग धूर, गार वारा, तांबडी धूळ, कशानेही बिथरते.

हिस्टामिनविरोधी गोळीने खाज व शिंका शमतात. चोंदलेले नाक तितके मोकळे होत नाही. त्यातील जुन्या गोळ्यांनी झोप येते, कारण मेंदूत हिस्टामिनच आपणांस जागे ठेवते. गाडी हाकणाऱ्याने त्या घेऊन चाकामागे बसू नये. नाक चटकन मोकळे करणारे थेंब नॉरअ‍ॅड्रिनलीनसारखे रक्तवाहिन्या आवळतात, पण थोड्या दिवसांपलीकडे वापरल्यास नाक अधिकच चोंदते. स्टेरॉइडचा नाकात मारावयाचा फवारा सूज उतरवतो. मात्र त्याचा पुरता गुण येण्यास काही दिवस लागतात आणि पुष्कळजण तो दोनच दिवसांत टाकून देतात. छातीत घरघर वाजू लागली तर मात्र नाकाचे औषध बाजूस ठेवून थेट डॉक्टरांस दाखवावे.