उपाशी यीस्टचे आयुष्य

पाव फुगवणारे यीस्टही म्हातारे होते, हे उघड व्हायला 1959 साल उजाडावे लागले. कॅलिफोर्नियात बर्कली इथे रॉबर्ट मॉर्टिमर आणि जॉन जॉन्स्टन यांनी पेशीला फुटणारी प्रत्येक कळी सूक्ष्मदर्शकाखाली अलगद बाजूला करून मोजली. वीस-पंचवीस लेकी झाल्या की आई थांबे आणि मरे. का, ते मात्र कळेना.

उत्तराचा एक तुकडा सापडला तो वार्धक्याच्या वाटेलाही न गेलेल्या माणसाला. 1988 मध्ये योशिनोरी ओसुमी यांना टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, तेव्हा ते 43 वर्षांचे होते. त्यांना वेड होते रिक्तिकेचे. पेशीतली कचराकुंडी म्हणून फारसे कुणी जिच्याकडे बघत नसे, तिचे. पेशी स्वतःचेच जुने भाग पचवते, या क्रियेला क्रिस्तियान द द्यूव यांनी 1963 मध्येच ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले होते. जनुके मात्र अज्ञात होती. ओसुमींनी पाचक विकरे नसलेले यीस्ट उपाशी ठेवले. काही तासांत रिक्तिका गोळ्यांनी गच्च भरली. भंगार आत आले होते, पण भट्टी थंड होती.

पुढची युक्ती अधिक देखणी. जनुके बिघडवलेल्या हजारो पेशींतून उपासमारीत लवकर मरणाऱ्या त्यांनी वेचल्या आणि 1993 मध्ये 15 जनुके हाती आली. म्हणजे जनुके सापडली तीच आयुष्य तोकडे पडल्याच्या खुणेवरून! हा धागा वार्धक्याशी जुळायला मात्र आणखी दशकभर लागले.

तो जोडला ईस्टर बेटावरच्या मातीतून मिळालेल्या रॅपामायसिनने. हे औषध टॉर नावाच्या प्रथिनाला गप्प करते. टॉर गप्प झाला की पोटभर खाल्लेली पेशीही भंगार मोडायला घेते, हे ओसुमींच्याच गटाने 1998 मध्ये दाखवले. 2005 मध्ये टॉर-1 हे जनुक काढलेले यीस्ट जास्त पिढ्या जगताना दिसले. 2009 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या फ्रँक माडेओ यांच्या गटाने स्वभक्षण चेतवणारा स्पर्मिडिन नावाचा पदार्थ देऊन यीस्ट, माशी आणि कृमी यांचे आयुष्य वाढवले. स्वभक्षणाची जनुके निकामी केली की तो लाभ हातचा जाई.

नुसती जनुके शाबूत असूनही भागत नाही; भंगार पचवायला रिक्तिका आम्लही असावी लागते. 2012 मध्ये सिएटलमध्ये ॲडम ह्यूज आणि डॅनियल गॉटश्लिंग यांना दिसले, की आईच्या रिक्तिकेतली आम्लता तिच्या ऐन तारुण्यातच उतरते. लेकीची मात्र पुन्हा चढते. आम्ल भरणाऱ्या पंपाचे एक जनुक जास्त चालवले, तर आई जास्त जगते. हा पंप 1981 मध्ये ज्या तिघा जपान्यांनी अभ्यासला होता, त्यांत एक ओसुमी होते.