खिडकी पांढरी का पडते?
बटण दाबलं, खिडकी पांढुरकी झाली, वर 'नॉट रिस्पाँडिंग'. प्रोग्राम मेलेला नसतो हो, कामात अडकलेला असतो! क्लिक, कळा, पुन्हा रंगवणं ही सगळी कामं एकाच थ्रेडच्या रांगेत येतात. विंडोजवर त्या रांगेकडे सुमारे 5 सेकंद कोणी फिरकलं नाही, की हा शिक्का बसतो.

जावा स्विंगमध्ये मी हे भोगलंय. हजारो ओळींची फाइल बटणाच्या कोडमध्येच वाचत होतो. गोठायचंच. मग शहाणपणा करून वेगळा थ्रेड काढला आणि त्यातूनच थेट टेबलात ओळी घुसवल्या. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर सुरळीत. मित्राच्या मशीनवर मात्र अधूनमधून एक्सेप्शन. एकीकडे टेबल रंगवलं जातंय, दुसरीकडून मी ओळी वाढवतोय! स्विंगचे बहुतेक घटक थ्रेड-सेफ नाहीतच.

उपाय जावा 6 पासून हाताशी आहे: स्विंगवर्कर. जड काम 'डू-इन-बॅकग्राउंड'मध्ये. मधले निकाल 'पब्लिश' करायचे, ते 'प्रोसेस'मध्ये गठ्ठ्याने येतात, तेही इव्हेंट थ्रेडवर, म्हणजे क्लिक-रंगवण्याची रांग सांभाळणाऱ्या त्याच थ्रेडवर. तिथे टेबलाला खुशाल हात लावा. फक्त बटणाच्या कोडमध्ये वर्करचं 'गेट' बोलावू नका. ते निकाल येईपर्यंत थांबून राहतं, म्हणजे पुन्हा पांढरी खिडकी. (हो, हेही करून झालंय.)

क्यूटीवाल्यांनो, तुमचाही नियम तोच: विजेट मुख्य थ्रेडचं. कामगार थ्रेडने सिग्नल पाठवायचा, लेबल बदलायचं मुख्य थ्रेडने.