जुन्या लढाऊ विमानाचे कॉकपिट कसे जपावे?

मंडळी, एखाद्या शहराच्या चौकात चौथऱ्यावर उभे केलेले मिग-२१ विमान आपण पाहिले असेल. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. त्यांतली शेकडो विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. अशा विमानाचे कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची बसायची जागा, पूर्ववत करायची झाली तर काय करावे लागते?

रंगरंगोटी केली की झाले, असे वाटेल. पण रंगाचा डबा सगळ्यांत शेवटी उघडायचा, बरं का!

पहिले काम धोका काढण्याचे. संकटकाळी वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकण्यासाठी त्यात स्फोटक नळकांडी बसवलेली असतात. ती काढल्याची जाणकारांनी खात्री दिल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांत आणखी एक छुपा वैरी सापडतो. तबकड्यांवरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग लावीत. त्याची चमक काही वर्षांत विझते. रेडियम मात्र निम्मे व्हायलाच १६०० वर्षे लागतात. अशी तबकडी उघडू नये, खरवडू तर नयेच. तिची धूळ अंगात गेली, तर रेडियम हाडांत जाऊन बसते.

दुसरे काम नोंदीचे. काहीही हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि सोडवलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. मग सफाई. डोक्यावरचे पारदर्शक झाकण काचेसारखे दिसते, पण असते प्लॅस्टिकचे. स्पिरिटने पुसले तर त्याला बारीक तडे जातात. साबणाचे पाणी आणि मऊ सुती फडके पुरे.

आता रंगाकडे वळू. मिग-२१ मध्ये वैमानिकासमोरच्या फळीवर मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. नवख्या रंगाऱ्याला वाटेल, कुणाचा तरी हात चुकला. आणि तो ती झाकून टाकील! पण विमान गिरक्या खात खाली येऊ लागले, की वैमानिकाला डावे-उजवे कळेनासे होते. अशा वेळी हातातला दांडा नेमका मध्यावर आणायला त्याला हीच खूण लागते. जिने जीव वाचवायचे, ती रेघ एका कुंचल्याने नाहीशी होऊ शकते.

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने कुंचला उचलण्याआधी विचारावे, "ही खूण इथे कशासाठी?" शिक्षकांनो, मुलांना असे विमान दाखवायला न्याल, तेव्हा तुम्हीही हाच प्रश्न विचारा. मुलांना आधी अंदाज बांधू द्या. उत्तर मागाहून सांगा.