‘क्रोमने अॅड ब्लॉकर बंद केले’ हे अर्धसत्य

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात, लोकलच्या डब्यात, ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकच वाक्य कानावर पडतं: ‘क्रोमने अॅड ब्लॉकर बंद केले, आता जाहिराती बघण्यावाचून इलाज नाही.’ यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा साफ खोटा. शिवाय ज्यांना हे ऐकवलं जातं, त्यांच्यातल्या अनेकांना पहिला भागही लागू पडत नाही. त्यांचं सगळं इंटरनेट मोबाइलवर चालतं आणि अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे अॅड ब्लॉकरसारखे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, टाकायची सोय कधीच नव्हती. जे नव्हतंच ते बंद कसं होईल? तरीही लोक हात टेकून बसतात, आणि खरा उपाय फोनवर मोफत मिळत असताना तो शोधतही नाहीत, याचा मनस्वी राग येतो.

झालं काय ते नीट पाहू. एक्स्टेन्शनने कोणत्या नियमांनी चालायचं हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला मॅनिफेस्ट म्हणतात. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत, पान उघडताना ब्राउझरने बाहेर पाठवलेली प्रत्येक विनंती आधी एक्स्टेन्शनपुढे यायची आणि ते तिथल्या तिथे ती सोडायची की अडवायची ते ठरवायचं. तिसऱ्या आवृत्तीत हा अधिकार गेला. आता एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची, अडवण्याचं काम ब्राउझर करणार. म्हणजे आलेल्या माणसाला पाहून निर्णय घेणाऱ्या वॉचमनऐवजी गेटवर फक्त नावांचा कागद लावायचा. २०१८ मध्ये मांडलेला हा बदल २०२४ च्या जूनपासून अमलात येऊ लागला आणि २०२५ च्या मध्यावर आलेल्या १३९ व्या आवृत्तीत जुन्या नियमांची उरलीसुरली वाटही मिटली. त्यामुळे रेमंड हिल यांचं ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे ब्लॉकर एक्स्टेन्शन क्रोमवर चालेनासं झालं. पण त्यांचंच ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ चालतं, आणि रोजच्या बहुतेक साइटवरच्या जाहिराती ते अडवतं. गमावलं ते असं: अडवायच्या पत्त्यांची यादी आता एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच बदलते, आणि एकेका साइटसाठी बारीकसारीक नियम लावण्याची जुनी मुभा उरली नाही. डावपेच रोज बदलणाऱ्या साइटपुढे हे जाणवतं.

गूगलचं म्हणणं असं, की हे सुरक्षेसाठी आहे. एक्स्टेन्शनला प्रत्येक विनंती दिसणं धोक्याचं आहे. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. बनावट एक्स्टेन्शननी लोकांची माहिती चोरलेली आहे. पण नव्या नियमांतही परवानगी घेतलेल्या एक्स्टेन्शनला विनंत्या बघता येतातच. काढून घेतली ती अडवण्याची ताकद. चोराला डोळे ठेवले आणि राखणदाराचे हात बांधले, तर त्याला निव्वळ सुरक्षा कसं म्हणायचं? आणि गूगलच्या मूळ कंपनीचं सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींतून येतं, हे तिच्याच हिशेबांत छापलेलं आहे. हेतू काय होता यावर वाद घालता येईल, हितसंबंधावर नाही.

मग ब्राउझर कोणता? ‘क्रोम सोडा, एज घ्या’ हा सल्ला निरुपयोगी आहे. एज, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत आणि पायातला बदल आज ना उद्या वर पोचतो. ब्रेव्हही त्याच पायावरचा, पण त्याचा ब्लॉकर एक्स्टेन्शन नसून ब्राउझरच्या आतच बांधलेला आहे, म्हणून हे नियम त्याला लागत नाहीत. फायरफॉक्सचा पाया वेगळा आहे; अडवण्याची जुनी ताकद आपण काढणार नाही असं तो बनवणाऱ्या मोझिलाने जाहीर केलं आहे. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही मूळ यूब्लॉक ओरिजिन चालतं. डोंबिवलीहून लोकलमध्ये फोनवर बातम्या वाचणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. यावर कुणी म्हणेल, मोझिलाही गूगलच्याच पैशावर जगते. खरं आहे, तिचं बहुतांश उत्पन्न गूगलला ठरीव सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येतं. उद्याची हमी त्यामुळे कुणीच देऊ शकत नाही. निवड आज काय चालतं यावर करायची.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जाहिराती अडवल्या तर मराठी बातम्यांच्या साइट जगतील कशा? ज्यांचं लिखाण आपण वाचतो, त्यांच्यासाठी ब्लॉकर एका बटणाने बंद ठेवता येतो, आणि ठेवावा. पण सर्चच्या निकालांत वर चढून बसणारी फसवी जाहिरात हा वेगळा मामला आहे. विजेचंच उदाहरण घ्या: कल्याणमध्ये वीज महावितरणची, तर कळवा-मुंब्र्यात २०२० पासून टोरंटची. वीज गेल्यावर घाईत तक्रारीचा नंबर शोधणाऱ्याला आपली कंपनी कोणती इथपासूनच गोंधळ असू शकतो, आणि नेमका तिथे खोटा ‘कस्टमर केअर’ नंबर घात करतो. नामांकित कंपन्यांचं सोंग घेणाऱ्या सर्चमधल्या जाहिरातींपासून वाचण्यासाठी अॅड ब्लॉकर वापरा, असं अमेरिकेच्या एफबीआयने २०२२ च्या डिसेंबरमध्ये जाहीरपणे सांगितलं. अर्थात ब्लॉकर असला तरी नंबर बिलावरूनच घ्यावा, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

आणखी काही गैरसमज. इन्कॉग्निटोमध्ये कुणाला काही दिसत नाही हे चूक. तिथे फक्त आपल्याच फोनवर इतिहास साठत नाही, ऑफिसच्या नेटवर्कला आणि साइटला कळतंच. कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट खरी, हेही चूक. लोक असा अर्थ काढतात म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं. झोहोचा ‘उला’ ब्राउझर स्वदेशी आहे, त्यात ब्लॉकरही आहे, पण पाया क्रोमियमचाच. आयफोनवर ब्राउझर बदलून इंजिन बदलत नाही, भारतात तिथे सगळे अॅपलच्या वेबकिटवर चालतात. सफारीत ब्लॉकरची सोय २०१५ पासून आहे. आणि ‘यूब्लॉक’ व ‘यूब्लॉक ओरिजिन’ एकच नव्हेत: टाकण्याआधी रेमंड हिल हे नाव आहे का ते बघावं.