चाकावरची काळी पूड म्हणजे झिजलेला ब्रेक. चाक धुताना पाच मिनिटं नीट बघा, घाटातला धोका टळेल

सातारा : रविवारी सकाळी अंगणात गाडी धुतली, काचा पुसल्या, बॉडी चकाचक केली. बुधवारी बघावं तर बॉडी बरी आहे, पण पुढची दोन चाकं परत काळी. बोट फिरवलं की काजळीसारखी पूड लागते. पाण्याचा पाइप मारला तरी निघत नाही. बहुतेक जण म्हणतात, "रस्त्याची धूळ आहे, चालायचंच."

पण ही रस्त्याची धूळ नाही. आपल्याकडची धूळ मातकट असते, महाबळेश्वर-जावळीच्या बाजूला तांबडी असते. चाकावर बसणारी ही काळी, चिकट पूड गाडीच्या ब्रेकमधून येते. त्यामुळे चाक स्वच्छ ठेवणं हा नुसता दिसण्याचा विषय नाही. चाक नियमित धुणाऱ्याला ब्रेकमधला बिघाड आधी कळतो, आणि न धुणाऱ्याला तो कधी कधी थेट घाटात कळतो.

ही पूड येते कुठून?

आपण ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन पॅड फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घासून घासून गाडी थांबते. या घासण्यात पॅडही झिजतो आणि बिडाची डिस्कही झिजते. पॅडमध्ये धातूची पूड, तंतू, ग्राफाइट आणि हे सगळं धरून ठेवणारं राळेसारखं रसायन असतं. झिजलेले हे बारीक कण गरम असतानाच उडतात आणि शेजारच्या रिमवर जाऊन बसतात.

त्यात लोखंडाचे कण भरपूर असतात. दव पडलं, पाऊस आला, गाडी धुऊन तशीच ओली ठेवली, की हे कण गंजतात. मग रिमवर नारिंगी ठिपके दिसायला लागतात. ॲलॉय व्हील असेल तर वरचा पारदर्शक थर हळूहळू खराब होतो. महिनोन् महिने पूड तशीच राहिली तर पुढे कितीही घासा, डाग जात नाही.

पुढचीच चाकं जास्त काळी का? ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रम बंद डब्यासारखा असल्यामुळे त्याची पूड बरीचशी आतच साठते. म्हणून पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी होत असतील तर घाबरायचं कारण नाही.

चाक बघा, ब्रेकची तब्येत कळेल

धुण्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारा आणि एवढं तपासा :

१) एकच चाक जास्त काळं : डावं-उजवं यात मोठा फरक दिसला तर काळ्या बाजूचा ब्रेक धरून राहत असण्याची शक्यता आहे. म्हणजे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहतो. गाडी जड चालते, ॲव्हरेज कमी होतं, चाक तापतं. साध्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन आल्यावर चाकाजवळ नुसता हात न्या, हात लावू नका. एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर गॅरेजला दाखवा.

२) एकच चाक फारच स्वच्छ : हे बघून बरं वाटतं, पण हा वाईट इशारा असू शकतो. त्या बाजूचा ब्रेक नीट लागत नसेल तर पूड पडणार कुठून? ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर मेकॅनिककडे जायला उशीर करू नका.

३) रिमच्या किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओलसर, तेलकट ओघळ : ब्रेक ऑइल गळत असू शकतं. ऑइलच्या डबीतली पातळी बघा. कमी झाली असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. ओघळाऐवजी काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर ॲक्सलचं रबरी बूट फाटलेलं असू शकतं.

४) डिस्कवर खोल चरे आणि कर्रकर्र आवाज : पॅड संपून लोखंडाला लोखंड घासत असण्याची शक्यता आहे. नव्या पॅडची जाडी साधारण १० मिलीमीटरच्या आसपास असते. ३ मिलीमीटरपर्यंत आली की बदलायची वेळ झाली. ॲलॉय व्हीलच्या फटीतून मोबाइलची टॉर्च मारली की बहुतेक गाड्यांमध्ये पॅड दिसतो.

रात्रभर ओल्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. तो वरवरचा असतो, चार-पाच वेळा ब्रेक लावला की जातो. आणि नवीन पॅड बसवल्यावर सुरुवातीला पूड थोडी जास्त पडली तरी काळजी करू नका.

धुवायचं कसं?

सामान घरातलंच लागतं : दोन बादल्या, कार शाम्पू, मऊ ब्रश, फटींसाठी जुना टूथब्रश आणि दोन सुती किंवा मायक्रोफायबरची कापडं. चाकाची बादली आणि कापड बॉडीला वापरू नका. चाकातले लोखंडी कण कापडात राहतात आणि रंगावर बारीक ओरखडे पाडतात.

- गाडी सावलीत लावा, चाकं पूर्ण गार होऊ द्या. लांबून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर डिस्क वाकडी होऊ शकते. मग ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवते.
- आधी चाकं, मग बॉडी. उलटं केलं तर चाकाची घाण धुतलेल्या दारावर उडते.
- एका वेळी एकच चाक घ्या. आधी भरपूर पाणी मारून सुटी माती काढा. कोरड्यावर कापड घासू नका.
- शाम्पूचं पाणी लावून दोन मिनिटं थांबा, मग मऊ ब्रशने घासा. नटांच्या खाचा आणि रिमची आतली बाजू विसरू नका. जास्त पूड तिथेच साठते.
- शाम्पू सुकायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच पुसून घ्या. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी तसंच सुकलं की पांढरे डाग राहतात.
- शेवटी गाडी अंगणातच पुढे-मागे घेऊन चार-पाच वेळा हलका ब्रेक मारा, म्हणजे डिस्क कोरडी होते. धुतल्याबरोबर हँडब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस उभी ठेवायची असेल तर मागचा ब्रेक चिकटू शकतो. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगडाची उटी लावा.

ॲलॉय व्हील स्वच्छ आणि कोरडं झाल्यावर त्यावर गाडीचं वॅक्स लावलं तर पुढच्या वेळी पूड कमी चिकटते. वॅक्स असो वा टायरचं पॉलिश, डिस्कला लागू देऊ नका. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तर पॉलिश अजिबात नको.

लोखंडी रिमवर प्लॅस्टिकचे व्हील कप असतील तर अधूनमधून ते काढून मागून धुवा. मागे माती आणि ओल साठून रिम गंजतो. परत बसवताना सगळ्या क्लिपा नीट बसल्या का ते बघा, नाहीतर पुढच्याच खड्ड्यात कप उडून जातो.

जुने नारिंगी ठिपके शाम्पूने जात नसतील तर दुकानात 'आयर्न रिमूव्हर' मिळतं. गार चाकावर फवारलं की लोखंडाच्या कणांशी त्याची क्रिया होते आणि जांभळे ओघळ यायला लागतात. ते बघून दचकू नका, औषध काम करतंय एवढाच त्याचा अर्थ. बाटलीवर लिहिलेल्या वेळेत, सुकायच्या आत धुऊन टाका. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत वापरा, वास उग्र असतो. हे दर आठवड्याला लागत नाही, वर्षातून दोन-तीनदा पुरे.

हे मात्र करू नका

संडास साफ करायचं ॲसिड चाकावर वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पहिल्यांदा चाक चमकतं, पण ॲसिड ॲल्युमिनियम खातं आणि डिस्क व नटांना गंज चढवतं. कॉस्टिक सोड्याचंही तेच. कपड्याच्या कडक पावडरीनेही चाकाची चमक जाते.

लोखंडी घासणी, तारेचा ब्रश आणि वाळू ॲलॉय व्हीलला लावू नका. रॉकेल किंवा डिझेलने चाक पुसायची सवय असेल तर आजपासून सोडा. त्याने टायरचं रबर खराब होतं, आणि एक फडकं चुकून डिस्कवर फिरलं तर ब्रेक दाबूनही गाडी थांबायची नाही.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरची नळी टायरला टेकवून धरू देऊ नका. निदान फूटभर लांब ठेवायला सांगा. जवळून बसणाऱ्या माराने टायरची बाजू आणि हवेचा व्हॉल्व्ह खराब होऊ शकतो.

चिखल सुकला की स्टिअरिंग थरथरतं

आपल्याकडे ब्रेकच्या पुडीबरोबर शेताच्या रस्त्याचा चिखलही असतो. कृष्णाकाठची काळी माती रिमच्या आत चिकटली आणि सुकली की दगडासारखी होते. एका बाजूला तिचा गोळा राहिला की चाकाचा तोल जातो. गावात काही कळत नाही, पण हायवेवर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. अशा वेळी बॅलन्सिंगला पैसे घालवण्याआधी रिमची आतली बाजू धुऊन बघा. साधारण दर १० हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करतो, तेव्हा चाक निघालेलंच असतं. त्याच वेळी आतून स्वच्छ करून घ्या.

पूड कमी कशी पडेल?

ब्रेक कमी लागला तर पूड कमी पडते. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना किंवा कोयनानगरहून चिपळूणला कुंभार्ली घाट उतरताना काही जण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड आणि डिस्क इतके तापतात की पायाखाली ब्रेक असूनही गाडी आवरत नाही. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत संपते, पेडल दगडासारखं कडक होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. गाडी इंजिनाच्या जोरावर आवरते, ब्रेक गार राहतो. आणि पेट्रोल? आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. म्हणजे न्यूट्रलने बचतही होत नाही.

घाट उतरल्यावर जळका वास आला किंवा चाकातून धूर दिसला तर सुरक्षित जागी थांबा. ब्रेक आपोआप गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका.

पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका

ही पूड फार बारीक असते, हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. युरोपातल्या 'युरो ७' नियमांत तर धुराड्याबरोबरच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे. आपण निदान एवढं करू शकतो : पूड फुंकून किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवायची नाही. मागचा ड्रम उघडल्यावर गॅरेजमध्ये सर्रास हवा मारतात. पूर्वी ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं, ते फुप्फुसाला घातक आहे. गाडी जुनी असेल तर ओल्या फडक्यानेच पुसायला सांगा. तिथे काम करणाऱ्या पोरांच्या तोंडाला मास्क हवा. हे आपण गिऱ्हाईक म्हणून सांगितलं तर ऐकलं जातं.

गाडी ओढ्यात, नदीच्या घाटावर किंवा विहिरीजवळ धुऊ नका. पुडीत लोखंडाबरोबर तांब्यासारखे धातूही असू शकतात, आणि खाली तेच पाणी जनावरं पितात. अंगणातही पाणी गोठ्याकडे किंवा भाजीच्या वाफ्यात जाणार नाही असं बघा.

पंधरा दिवसांतून एकदा चाकं धुवायला अर्धा तास लागतो. एखाद्या बाजूचा ब्रेक बिघडला असेल तर तो गाडी अंगणात उभी असतानाच लक्षात येतो. घरात लग्नाचं वऱ्हाड किंवा देवदर्शनाची सहल निघायची असेल तर आदल्या दिवशी चाकं धुऊन, वर सांगितलेल्या चार गोष्टी बघून घ्या. शंका आली तर गाडी आधी गॅरेजला न्या आणि मगच माणसं बसवा.

माहिती उपयोगी वाटली तर गावातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर नक्की पाठवा.