बदली झाली तरी सेवा तुटू देऊ नका



मागच्या रविवारी भाचा घरी आला. मूळचा सांगलीचा, नोकरी इथे बेंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीत. चार वर्षांत तीन कंपन्या झाल्या आणि आता चौथीचं ऑफर लेटर हातात. म्हणाला, "मामा, तुमच्या तरी कुठे कमी बदल्या झाल्या? १४ झाल्या!"

खरं आहे. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही काळ्या ट्रंका भरायचो. पण माझी सेवा तुटत नव्हती. ज्येष्ठता, सेवेच्या नोंदी, फंड, सगळं मागोमाग यायचं. ते सांभाळायला फौजेच्या कचेऱ्या होत्या. खासगी नोकरीत ती कचेरी तुम्हीच. म्हणून 'पगार किती वाढणार' याबरोबर 'माझ्यासोबत काय येणार' हेही विचारा.

पहिला पैसा. पीएफचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी एकच राहतो. जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग करा. भाच्याने घराच्या डिपॉझिटसाठी दोनदा ती काढून घेतली. सलग ५ वर्षांची सेवा होण्याआधी रक्कम काढली तर साधारणपणे कर लागतो. वर्ग केली, तर आधीच्या नोकरीची वर्षंही धरली जातात. पीएफच्या पेन्शन योजनेत असाल, तर मासिक पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. ती अनेक नोकऱ्या जोडून भरता येते. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत त्यासाठी एकाच मालकाकडे ५ वर्षं लागतात. चार वर्षं झाली असतील, तर राजीनाम्याआधी हिशोब मांडा.

दुसरं कसब. पहिल्या वर्षी माणूस काम शिकतो, दुसऱ्या वर्षी निभावतो, तिसऱ्या वर्षी आपल्याच चुका निस्तरतो. खरं शिक्षण तिथे होतं. दरवर्षी उठलात, तर पहिलंच वर्ष पुन्हा पुन्हा जगाल.

तिसरा निरोप. फौजेत चार्ज दिल्याशिवाय कोणी हलत नाही. मी मात्र निवृत्तीनंतरची पहिली नोकरी आठ महिन्यांत तडकाफडकी सोडली. वयाने लहान साहेबाचं ऐकणं जमेना. कामही नीट सोपवलं नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीने माझ्याबद्दल त्याच साहेबाला विचारलं. ती नोकरी मला मिळाली नाही. चूक माझीच होती.

पगार थकत असेल, अपमान होत असेल, तब्येत बिघडत असेल, तर जरूर निघा. त्यात कमीपणा नाही.

भाच्याला मी एवढंच विचारलं, "तिन्ही ठिकाणी तू शेवटपर्यंत नेलेलं एकेक काम सांग." पहिल्या कंपनीतलं एक त्याने लगेच सांगितलं. पुढे गप्प झाला. चहा निवला. मग म्हणाला, "मामा, ऑफरला उत्तर द्यायला अजून दोन दिवस आहेत."

तुमच्याही हातात असं पत्र असेल, तर आधी ती यादी लिहून काढा.

जय हिंद.